जे घडले नाही त्याची नोंद

एप्रिल १९८१. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलचा, म्हणजे 'एनएफएल'चा, वार्षिक 'ड्राफ्ट' चालू होता. महाविद्यालयीन खेळ संपवून बाहेर पडणाऱ्या तरुणांमधून अठ्ठावीस संघ पाळीपाळीने एकेकाची निवड करीत होते. अशा बारा फेऱ्या झाल्या, दोन दिवसांत तीनशेहून अधिक नावे पुकारली गेली. लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठाच्या एव्हर्सन वॉल्सचे नाव त्यांत नव्हते. आधीच्या मोसमात प्रतिपक्षाने फेकलेले ११ चेंडू त्याने मधल्यामध्ये पकडले होते, आणि त्या वर्षी त्याच्या श्रेणीत देशभरात कोणालाही एवढे जमले नव्हते. तरीही बाराव्या फेरीअखेर तो उरलाच.

निवडकर्त्यांना तो माहीत नव्हता असे मात्र नाही. त्यांनी त्याला पाहिले होते, त्याची उंची घेतली होती, चाळीस यार्ड धावायला लावून घड्याळ लावले होते. घड्याळाने तो मंद असल्याचे सांगितले. ड्राफ्ट उरकल्यावर डॅलस काउबॉइज या संघाने त्याला कोणतीही हमी न देता सरावाला बोलावले. तो डॅलसच्याच हॅमिल्टन पार्क वस्तीत वाढलेला मुलगा होता. त्या हिवाळ्यात मोसम संपला तेव्हा एनएफएलमध्ये सर्वाधिक चेंडू पकडणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव वॉल्सचे होते. आकडा पुन्हा ११. पुढे १९८२ आणि १९८५ मध्येही तो या यादीत पहिला आला.

मराठीच्या अध्यापकाने या खेळावर का लिहावे, असा प्रश्न या पानाच्या वाचकांना पडेल. डॅलसला स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी फोनवर बोलता बोलता म्हणाला, "सर, या खेळात एक माणूस असा असतो की तो उत्तम खेळला तर टीव्हीवर दिसतच नाही." वाक्य डोक्यात राहिले. आपण सारे मूल्यमापनाच्या धंद्यातले लोक. विशीतल्या मुलांनी लिहिलेल्या चार कागदांवरून त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल काही तरी ठरवतो. आपल्याहून कितीतरी अधिक पैसा, मनुष्यबळ आणि यंत्रे हाताशी असलेल्या मंडळींनी हेच काम सत्तर-ऐंशी वर्षे कसे केले, हे पाहण्याच्या कुतूहलातून हा लेख झाला.

तो न दिसणारा माणूस म्हणजे कॉर्नरबॅक. मैदान शंभर यार्ड लांब आणि त्रेपन्न यार्डांहून किंचित अधिक रुंद असते. आक्रमक संघाचा क्वार्टरबॅक चेंडू हाती घेऊन मागे सरतो, कडेला उभे असलेले रिसीव्हर पुढे धाव घेतात आणि त्यांच्यापैकी एकाकडे तो चेंडू फेकतो. कडेच्या रिसीव्हरसमोर बचावाचा जो खेळाडू बहुधा एकटाच असतो, तो कॉर्नरबॅक. आपण कुठे वळणार हे रिसीव्हरला ठाऊक असते, याला नसते. म्हणून याची सुरुवात उलट्या पावलांनी होते, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे आणि धाव मागे. समोरचा वळला की त्याच क्षणी कंबरेतून वळून सरळ धावू लागायचे. हे वळणे इतके निर्णायक की पारखी मंडळींच्या, म्हणजे 'स्काउट' लोकांच्या अहवालांत 'ताठ कंबर', 'सैल कंबर', क्वचित 'तेल घातलेली कंबर' असे शब्द सर्रास भेटतात. एखाद्या गायकाचा 'सूर लागतो' असे आपण म्हणतो त्या जातीचे हे शब्द आहेत. ज्याला कळतात त्याला ते नेमके वाटतात, ज्याला कळत नाहीत त्याला ते समजावून सांगता येत नाहीत.

मूल्यमापनाची खरी अडचण मात्र यापुढची आहे. कॉर्नरबॅक जितका चांगला तितके चेंडू त्याच्या बाजूला कमी येतात. क्वार्टरबॅक एकदा त्या दिशेने पाहतो, रिसीव्हर मोकळा नाही हे त्याला दिसते आणि तो दुसरीकडे फेकतो. कॉर्नरबॅकच्या बाजूने पाहता काहीच घडलेले नसते. आणि जे घडले नाही ते धावफलकावर येत नाही. ओकलंड रेडर्सचा नामडी असोमुगा २००६ च्या मोसमात ८ चेंडू पकडून बसला. पुढच्या तीन मोसमांत प्रत्येकी १ आणि २०१० मध्ये ० अशी त्याची नोंद आहे. नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटेल की माणूस संपला. प्रत्यक्षात याच वर्षांत तो जगातल्या सर्वोत्तम दोन-तीन कॉर्नरबॅकांत गणला जात होता. त्याच्याकडे चेंडू फेकायलाच कोणी धजत नव्हते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे चेंडू ज्याच्याकडे जात नाही तो चौकटीबाहेर राहतो. मैदानावरचे बावीसही खेळाडू एकाच वेळी दिसतील असे चित्रण संघांचे प्रशिक्षक पूर्वीपासून वापरीत. सामान्य प्रेक्षकाला ते २०१२ मध्ये पहिल्यांदा पाहायला मिळाले. माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य अक्षरशः खरे होते.

आता थोडे मागे जाऊ. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. कल्पना त्या शहरातल्या संघाचे मालक बर्ट बेल यांची: आदल्या वर्षी जो संघ शेवटचा त्याने पहिली निवड करायची. त्या काळात खेळाडू पारखण्याची स्वतंत्र यंत्रणा नव्हती. वर्तमानपत्रांतले वृत्तांत, ओळखीच्या प्रशिक्षकांची पत्रे आणि ऐकीव कीर्ती यांवर निवड होई. सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक सामना एकदाही खेळला नाही, हा त्या पद्धतीवरचा पहिला शेरा म्हणायला हरकत नाही.

या यादीत कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९३४ पासून १९४५ पर्यंत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळला नाही. बंदी कागदावर कुठे लिहिलेली नव्हती, ती फक्त पाळली जात होती. १९४६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला हलवताना तिथले सार्वजनिक स्टेडियम मिळावे म्हणून रॅम्स संघाला केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घ्यावे लागले. त्यानंतर याच रॅम्सचे एडी कोटल हे पूर्णवेळ पारखी म्हणून देशभर फिरू लागले, आणि १९४९ मध्ये त्यांच्यामुळे टँक यंगर ग्रॅम्बलिंगहून आला. कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयांतून एनएफएलमध्ये आलेला हा पहिला खेळाडू. तोही ड्राफ्टच्या बाहेरून.

कॉर्नरबॅकच्या इतिहासात पहिले मोठे नाव येते तेही असेच दाराबाहेरून. डिक लेन. टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी तान्हेपणीच टाकून दिलेले मूल. एला लेन नावाच्या बाईने त्याला उचलून वाढवले. नेब्रास्कातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो एक मोसम खेळला, नंतर सैन्यात गेला, आणि तिथून सुटल्यावर लॉस एंजेलिसच्या विमानाच्या कारखान्यात तेलाने माखलेले धातूचे पत्रे वाहू लागला. १९५२ मध्ये एके दिवशी तो रॅम्सच्या कचेरीत शिरला. हातात आपल्या खेळाविषयीची कात्रणे चिकटवलेली वही. कोणत्याही पारख्याने त्याच्यावर एक ओळ लिहिलेली नव्हती. जो काही अहवाल होता तो त्याने स्वतःच्या हाताने वहीत डकवला होता. त्याला रिसीव्हर व्हायचे होते. त्या जागेवर रॅम्सकडे दोन नामवंत आधीच होते म्हणून त्याला बचावात उभे केले. त्या पहिल्याच मोसमात, १२ सामन्यांत, त्याने १४ चेंडू पकडले. १९६१ पासून मोसम १४ सामन्यांचा झाला, १९७८ पासून १६ चा आणि २०२१ पासून १७ चा. लेनचा विक्रम अजून तसाच आहे.

लेनच्या उदाहरणाकडे 'दडलेले रत्न' या पठडीतून पाहण्याचा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो. रत्न दडलेले नव्हते, ते बसने कामावर जात-येत होते. पाहणाऱ्यांच्या फिरण्याच्या वाटा ठरलेल्या होत्या आणि तो त्या वाटेवर नव्हता, एवढेच. ग्रॅम्बलिंगचाच विली ब्राउन १९६३ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. पहिल्या संघाने सराव-शिबिरातूनच त्याला परत पाठवले. पुढे डेन्व्हर आणि ओकलंडकडून खेळून त्याने ५४ चेंडू पकडले आणि १९८४ मध्ये त्याला या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले. ग्रॅम्बलिंगचा ब्राउन १९६३ मध्ये वगळला जातो आणि ग्रॅम्बलिंगचाच वॉल्स १९८१ मध्ये वगळला जातो. वरवर पाहता हे एकाच अन्यायाचे दोन प्रसंग वाटतात. पण मधल्या अठरा वर्षांत एक गोष्ट घडली होती, आणि तीच या लेखाचा मुख्य विषय आहे. ब्राउनला फारसे कोणी पाहिले नव्हते. वॉल्सला पाहून, मोजून, नोंदवून मग वगळले होते.

मधली गोष्ट डॅलसमध्ये सुरू होते आणि तिच्यात एक भारतीय माणूस आहे. काउबॉइजचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम हे पूर्वी दूरचित्रवाणीत होते. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकचे प्रक्षेपण करताना निकालांसाठी वापरलेला संगणक त्यांनी पाहिला होता. खेळाडूंची पारख या यंत्राकडून करून घेता येईल का, असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी आयबीएमच्या एका उपकंपनीकडे विचारणा केली. हे काम आले सलाम कुरेशी या संख्याशास्त्रज्ञाकडे. कुरेशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले. त्यांना क्रिकेट माहीत होते. अमेरिकन फुटबॉल मुळीच माहीत नव्हते. उलट ज्यांच्याशी त्यांना बोलायचे होते त्या प्रशिक्षकांना फुटबॉलखेरीज दुसरे काही माहीत नव्हते. या दोघांचे संवाद कसे झाले असतील याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

कुरेशी यांच्यापुढचा पहिला प्रश्न गणिताचा नव्हता, भाषेचा होता. म्हणून तो आपल्या ओळखीचा आहे. पारख्यांचे अहवाल विशेषणांनी भरलेले असत. एक जण एखाद्याला 'चपळ' म्हणे, दुसऱ्याच्या लेखी तोच खेळाडू 'वेगवान' असे. या दोन शब्दांत फरक आहे की नाही, हे लिहिणाऱ्यालाही नेमके सांगता येत नसे. एकाचा 'उत्तम' म्हणजे दुसऱ्याचा 'बरा'. कुरेशी यांनी शेकडो गुणविशेषांची छाननी करून त्यांचे पाच गट केले: चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, स्पर्धावृत्ती, बौद्धिक तरतरी, आणि बळ व स्फोटकता. मग निश्चित शब्दांतली विधाने तयार केली आणि प्रत्येक विधान त्या खेळाडूला कितपत लागू पडते यासाठी पारख्याने एक ते नऊ यांपैकी अंक द्यायचा, अशी पद्धत बसवली. पारख्यांची मतेही तपासली जात: कोण सढळ हाताने अंक देतो, कोण हात आखडता घेतो, हे हिशेबात धरले जाई. एकाच प्रश्नपत्रिकेची उत्तरे तपासणाऱ्या दोन परीक्षकांच्या गुणांत वीस-वीसचे अंतर पाहिलेल्या कोणालाही या शेवटच्या तरतुदीबद्दल कुरेशी यांना नमस्कार करावासा वाटेल.

या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे, आणि माणसाचे चारित्र्य एक ते नऊमध्ये बसवणे हास्यास्पद आहेच. परंतु तिच्यामागचा हेतू न्यायाचा होता, हे विसरता कामा नये. यंत्राला खेळाडूच्या महाविद्यालयाचे नाव ऐकून गहिवर येत नाही. ज्या मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक पारख्यांचे मित्र होते, त्यांच्या शब्दाचे वजन त्याने कमी केले. याच काळात काउबॉइजचे गिल ब्रँट ज्या ठिकाणी फुटबॉलचे पारखी जात नसत अशा जागी शोध घेत होते. यूटा स्टेटचा कॉर्नेल ग्रीन हा बास्केटबॉलपटू होता. महाविद्यालयात तो फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. १९६२ मध्ये ब्रँट यांनी त्याला डॅलसला आणले. बास्केटबॉलमध्ये समोरच्याला तोंड देत, पाय आडवे टाकत मागे सरायचे असते. तेच पाऊल कॉर्नरबॅकला लागते, हे त्यांना दिसले. ग्रीन तेरा वर्षे काउबॉइजकडून खेळला आणि पाच वेळा सर्वोत्तमांच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला. १९६४ चा मेल रेनफ्रो महाविद्यालयात मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा होता. त्याला बचावात आणले. आपल्या पहिल्या दहाही मोसमांत तो त्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला आणि १९९६ मध्ये सन्मान-दालनात गेला. या दोघांच्या बाबतीत 'पूर्वीची कामगिरी' हा पुरावाच उपलब्ध नव्हता. एका खेळातली हालचाल दुसऱ्या खेळात वाचण्याची नजर होती. ती कोणत्या रकान्यात भरायची?

पिट्सबर्गमध्ये ती नजर एका पत्रकाराकडे होती. बिल नन हे 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे क्रीडासंपादक. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतल्या उत्तम खेळाडूंचा एक काल्पनिक राष्ट्रीय संघ ते १९५० पासून दर वर्षी निवडून छापत. त्या महाविद्यालयांचे प्रशिक्षक त्यांच्या घरोब्याचे होते. गावातल्याच स्टीलर्स संघाला त्यांचे ज्ञान फुकट उपलब्ध होते आणि वर्षानुवर्षे त्या संघाने ते विचारले नाही. ही तक्रार नन यांनी बोलून दाखवली तेव्हा मालकांच्या घरातल्या डॅन रूनी यांनी त्यांनाच नोकरी देऊ केली. साठच्या दशकाच्या अखेरीस नन स्टीलर्ससाठी काम करू लागले. नन यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे, कॉर्नरबॅकचा नसला तरी घड्याळाविषयीचा म्हणून सांगतो. अलाबामातल्या एका महाविद्यालयात जॉन स्टॉलवर्थ या रिसीव्हरला पारख्यांनी ओल्या गवतावर धावायला लावले. वेळ खराब आली आणि सगळे पुढच्या गावी निघाले. नन यांनी बरे नसल्याचे सांगून मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर त्याला पुन्हा पळवले. १९७४ मध्ये स्टीलर्सनी त्याला घेतले. तोही सन्मान-दालनात आहे. गवत ओले होते, ही माहिती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. ती माहिती आहे असे एकालाच वाटले.

कॉर्नरबॅकांच्या बाबतीत नन यांच्या काळाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे मेल ब्लाउंट. जॉर्जियातल्या शेतकरी कुटुंबातले अकरावे मूल, लुइझियानातल्या सदर्न विद्यापीठाचा खेळाडू, १९७० च्या ड्राफ्टची तिसरी फेरी. उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे कॉर्नरबॅकला शोभणार नाही इतकी. पहिली दोन वर्षे त्याने मार खाल्ला. मग तो आपल्या शरीराचा उपयोग शिकला: रिसीव्हर निघताक्षणी त्याला हातांनी अडवायचे, ढकलायचे, त्याच्या धावण्याची लय मोडायची, तेव्हा हे मैदानभर चाले. १९७५ मध्ये ११ चेंडू पकडून तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. अखेर १९७८ मध्ये एनएफएलने नियमच बदलला. पहिल्या पाच यार्डांनंतर रिसीव्हरला असा धक्का देता येणार नाही. लोक त्याला आजही 'मेल ब्लाउंटचा नियम' म्हणतात.

या नियमबदलाकडे मी कॉर्नरबॅकच्या इतिहासातला युगबदल म्हणून पाहतो. १९७७ पर्यंत या जागेची 'क्षमता' म्हणजे बळ, धिटाई, लांब हात. १९७८ नंतर हात बांधले गेले आणि सारा भार पायांवर आला. एखाद्या तरुणात काय दडले आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शरीरात काहीही न बदलता एका नियमाने बदलून गेले. ब्लाउंट स्वतः नव्या नियमाखालीही पुढे सहा मोसम टिकला, ही त्याची थोरवी. पण पारख्यांनी या बदलातून एकच धडा घेतला: आता वेग हवा. आणि वेग मोजायला त्यांच्या हाती घड्याळ होतेच.

चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटरांहून किंचित अधिक. हेच अंतर का? लाथाडलेला चेंडू साधारण तेवढा लांब जातो म्हणून प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी ते ठरवले, असे सांगतात. त्यामागे शास्त्र नव्हते, सोय होती. परंतु आकड्याचा एक गुण असा की तो दोन अनोळखी माणसांना शेजारी उभे करतो. अनेक संघांनी मिळून चालवलेल्या पारख-संस्था १९६३ पासून निघू लागल्या होत्या. त्यांच्या फायलींत हा आकडा सर्वांत वाचनीय ठरला. १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा येथे खेळाडूंना एकत्र बोलावून तपासण्याचा प्रघात पडला. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. १९८५ मध्ये अशी वेगवेगळी शिबिरे एक झाली आणि १९८७ पासून ते शिबिर इंडियानापोलिसला भरते. तिथे तरुणांना जवळजवळ उघड्या अंगाने उभे करून उंची, वजन, हाताची लांबी, पंजाचा विस्तार मोजला जातो. या दृश्याची तुलना गुलामांच्या लिलावाशी करणारे कृष्णवर्णीय खेळाडू आणि अभ्यासक आहेत. तुलना अतिरंजित म्हणून झटकून टाकण्यापूर्वी, मोजणारे कोण आणि मोजले जाणारे कोण हे एकदा पाहावे.

घड्याळाचे यश लपवण्याचे कारण नाही. १९८३ मध्ये टेक्सासच्या एका छोट्या विद्यापीठाचा डॅरेल ग्रीन पहिल्या फेरीत अगदी शेवटी, अठ्ठाविसावा, निवडला गेला. उंची पाच फूट आठ-नऊ इंच. वेग सोडला तर त्याच्या बाजूने बोलणारे कागदावर फारसे काही नव्हते. तो वॉशिंग्टनकडून वीस मोसम खेळला. वेग महत्त्वाचा नाही असे म्हणणे म्हणूनच बाळबोध ठरेल. चाळीस यार्डांत दोन दशांश सेकंदांचा फरक म्हणजे शेवटाला जवळजवळ दोन मीटरांचे अंतर, आणि तेवढ्या अंतरात टचडाउन होतो.

मग वॉल्स? तो ते दोन मीटर दुसरीकडून मिळवत असे. तो क्वार्टरबॅकचे डोळे वाचायचा. रिसीव्हरला थोडी जागा देऊन, तो मोकळा आहे असे क्वार्टरबॅकला वाटू देऊन, चेंडू सुटण्याच्या क्षणाआधी निघायचा. शर्यतीत शिट्टी सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजते. मैदानावर ती ज्याला आधी ऐकू येते त्याचा वेग कोणत्या घड्याळाने मोजायचा? आणि ही गोष्ट अदृश्यही नव्हती. ग्रॅम्बलिंगच्या ११ चेंडूंत ती लिहिलेली होती. पण ती दुय्यम दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी म्हणून वजा करता येत होती, आकडा मात्र वजा करता येत नव्हता. ब्राउनच्या काळात पूर्वग्रहाला कारण द्यावे लागत नसे. वॉल्सच्या काळात त्याला दशांश चिन्हाचा आधार मिळाला. संगणकाच्या जोरावर इतरांच्या पुढे गेलेल्या काउबॉइजनीदेखील त्याला बाराही फेऱ्यांत निवडले नव्हते, हे इथे नोंदवून ठेवतो.

नजरेला सवयी असतात आणि त्या उलट्याही फिरतात. १९७० च्या सुमारास अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की संघाच्या मध्यवर्ती, निर्णयाच्या जागा गोऱ्यांना आणि कडेच्या जागा कृष्णवर्णीयांना अशी वाटणी अघोषितपणे चालू आहे. कॉर्नरबॅक ही शब्दशः कडेची जागा. सवय इतकी मुरली की २००० च्या दशकाच्या आरंभी जेसन सीहॉर्न बाजूला झाल्यावर जवळजवळ दोन दशके या जागेवर नियमित खेळणारा गोरा खेळाडूच दिसेना. महाविद्यालयात तिथे चांगले खेळलेल्या गोऱ्या मुलांना पारखी न चुकता दुसरी जागा सुचवत. २०२४ मध्ये डेन्व्हरचा रायली मॉस आणि फिलाडेल्फियाचा कूपर डिजीन आले तेव्हा त्याची बातमी झाली. १९३६ मध्ये न दिसणारे आणि २०१० मध्ये न दिसणारे वेगळे होते, डोळा तोच. दोन्ही अन्याय समान आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. एकाने माणसांना व्यवसायाबाहेर ठेवले, दुसऱ्याने काहींना शेजारच्या जागेवर सरकवले.

असोमुगाची गोष्ट अर्धीच सांगितली होती. २०११ मध्ये फिलाडेल्फियाने मोठा करार करून त्याला घेतले. ओकलंडमध्ये तो एका माणसाला एकटा धरून असे; इथे त्याला बहुतेकदा मैदानाचा एखादा भाग सांभाळायला सांगितले. तोच माणूस, तीच कंबर, आणि दोन वर्षांत त्याचे नाव फसलेल्या सौद्यांच्या यादीत गेले. उलट २०१४ मध्ये शिबिराचे आमंत्रणही न मिळालेला, कोणी न निवडलेला वेस्ट अलाबामाचा माल्कम बटलर १ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम सामन्याच्या अखेरच्या क्षणांत गोलरेषेवर चेंडू पकडून न्यू इंग्लंडला विजेतेपद देऊन गेला. सरावात नेमकी तीच चाल त्याच्यावर यशस्वी झाली होती. सामन्यात ती त्याने ओळखली. आता खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये चिप असते, प्रत्येकाचा वेग आणि प्रत्येकातले अंतर क्षणाक्षणाला नोंदले जाते, त्यामुळे जे घडले नाही त्याचाही काही हिशेब लागू लागला आहे. हिशेब लागल्यावर कोणाकडे पाहायचे राहून जाईल, ते पुढचे लोक लिहितील.

वॉल्सचा पहिला मोसम संपला तो १० जानेवारी १९८२ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. सामना संपायला मिनिटभराहून कमी वेळ असताना जो मोंटॅनाने गोलरेषेच्या मागच्या कडेकडे उंच चेंडू फेकला आणि ड्वाइट क्लार्कने उडी मारून तो बोटांच्या टोकांनी झेलला. काउबॉइज २७-२८ असे हरले. त्या झेलाचे छायाचित्र अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीडाछायाचित्रांपैकी एक आहे. 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर ते आले. त्यात क्लार्कच्या शेजारी, हात पुढे उगारलेला, २४ क्रमांकाचा जो खेळाडू दिसतो तो एव्हर्सन वॉल्स. तिथे तो वेगात कमी पडला नव्हता. चेंडू त्याच्या हाताहून उंच होता. त्याच सामन्यात त्याने दोन चेंडू मधल्यामध्ये पकडले होते आणि प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला आणखी एक ताब्यात घेतला होता. त्या तिहींपैकी एकही क्षण मुखपृष्ठावर नाही.